मागच्या रांगेतलं जनावर घरी आणायचं तर

शेल्टरचं फाटक उघडलं की लोक पहिल्या दोन पिंजऱ्यांपाशीच थांबतात. तिथं पिल्लं असतात. पाण्याच्या टाकीकडच्या मागच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसलेला सहा वर्षांचा काळा कुत्रा, मागचा एक पाय नसलेली कुत्री, एक डोळा शिवलेला बोका यांच्यापर्यंत फार थोडे पोचतात. ही सगळी माहिती त्या मागच्या रांगेसाठी आहे.

ही रांग तयार कशी होते ते आधी पाहू. भटक्या कुत्र्यांची नसबंदी ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’प्रमाणे होते. साधारण पद्धत अशी, की धडधाकट कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला काप द्यायचा आणि जिथून उचलला तिथंच परत सोडायचा. त्यामुळे शेल्टरमध्ये वर्षानुवर्षं राहतात ते बहुतेक करून रस्त्यावर सोडताच येत नाहीत असे. कुणाचा अपघातात पाय गेलेला, कुणी कमरेखाली लुळा पडलेला, कुणी आंधळा, कुणी म्हातारा. शिवाय हौस फिटल्यावर मालकांनी टाकलेले लॅब्राडोर, पग, हस्की आणि पर्शियन मांजरं.

काळ्या जनावरांची गत वेगळी. त्यांच्यात बऱ्याचदा काहीच खोट नसते. एक तर लोक अपशकुन मानतात, आणि दुसरं म्हणजे मोबाइलच्या फोटोत काळ्या तोंडावरचे डोळे-भुवया दिसतच नाहीत. फोटोत नुसता काळा डाग दिसतो आणि बोट पुढच्या फोटोकडे सरकतं. म्हणून फोटोवरून ठरवू नका. सकाळच्या उजेडात, सावलीत, प्रत्यक्ष बघा.

आधी आपला दिवस कागदावर मांडा

कणव सगळ्यांनाच येते, पण ती पहिल्या आठवड्यापुरती पुरते. त्यानंतरची कितीतरी वर्षं जनावर चालतं ते घराच्या दिनक्रमावर. तेव्हा कोणतं जनावर बिचारं वाटतं यापेक्षा कोणती खोट आपल्या दिवसात बसते हे बघा. एक कागद घ्या, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासाला घरात कोण असतं ते मांडा. त्याखाली चार गोष्टी: मजला आणि लिफ्ट, घरातली लहान मुलं नि म्हातारी माणसं, महिन्याला खर्च किती झेपेल, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना जनावराकडे कोण बघणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू तेव्हा’ असेल तर ते आत्ताच नक्की करा. परत आलेल्या जनावरांमध्ये यावरून परत आलेली भरपूर असतात.

कागद भरला की निवड पुष्कळशी आपोआप होते. घर रोज आठ-नऊ तास बंद राहत असेल तर शांत, मध्यमवयीन कुत्रा चालेल, बहिरा किंवा एका डोळ्याचाही चालेल. त्याहून उत्तम म्हणजे एकमेकांना धरून असलेली दोन मोठी मांजरं. जोडी म्हणून मागे राहिलेली मांजरं जवळजवळ प्रत्येक शेल्टरमध्ये असतात, कारण येणाऱ्याला एकच हवं असतं. लुळा कुत्रा मात्र अशा घरात नको, त्याची लघवी दिवसात तीन-चार वेळा हातानं काढावी लागते. लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल तर वीस किलोच्या वरचा तीन पायांचा किंवा सांधे धरलेला कुत्रा नको. एक दिवस तुम्हाला तो उचलून न्यावा लागेल, आणि तो दिवस पावसाळ्यातला असेल. आजी-आजोबांच्या घरी दांडगा दोन वर्षांचा लॅब्राडोर देऊ नये, लाडानं अंगावर आला तरी माणूस पडतो. आठ वर्षांची गावठी कुत्री तिथं छान रुळते.

पैशांचं म्हणाल तर, पंधरा किलोच्या कुत्र्याला कोरडं खाद्य दिवसाला साधारण २०० ते २३० ग्रॅम लागतं, म्हणजे महिन्याला सहा-सात किलो. त्यावरून आपल्या भागातल्या भावानं हिशेब करा. वर औषधं, लसी, गोचिडाच्या गोळ्या. शिवाय अडीनडीला निदान पंधरा-वीस हजार रुपये वेगळे ठेवावेत असा आमचा सल्ला. एक ऑपरेशन निघालं की ते लागतात.

शेल्टरमध्ये काय बघायचं

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, गोव्यात आसगावचं इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू अशा जुन्या संस्थांपासून ते चार खोल्यांत चाललेल्या छोट्या शेल्टरपर्यंत सगळीकडे एक गोष्ट सारखी असते: पिंजऱ्यातलं जनावर घरात तसं राहत नाही. चाळीस कुत्र्यांच्या भुंकण्यात काही गप्प होतात, काही जाळीवर झेपावतात. म्हणून एका भेटीत ठरवू नका. तीन वेळा जा, वेगवेगळ्या वेळी. एक फेरी जेवणाच्या वेळची असू द्या, दुसरी दुपारी सगळे सुस्त असतानाची, आणि तिसऱ्या वेळी घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत भेटायचं. समोर उभं राहून डोक्यावर हात ठेवू नका. त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसा, हात मांडीवर, नजर दुसरीकडे. दहा मिनिटं काहीही करू नका. घाबरलेला कुत्रा आधी लांबून वास घेतो, मग मान लांब करून तुमच्या चपलेचा, आणि पाय मात्र मागेच ठेवतो, पळायची तयारी म्हणून. मागचे पाय पुढे आले की त्यानं ठरवलं असं समजा. दहा मिनिटांत असं झालं नाही तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या भेटीत होतं. तिसऱ्या भेटीतही तो थरथरत कोपऱ्यातच असेल तर त्याला अनुभवी घर लागेल. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यानं तिथं हट्ट करू नये.

ट्रस्टींपेक्षा रोज पिंजरे धुणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसाला विचारा. खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का? जखम धुताना, नखं कापताना काय करतो? दुसऱ्या कुत्र्यांबरोबर, मांजरांबरोबर सोडलाय का? आधी कुणी नेऊन परत आणलाय का, आणि कशामुळे? या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणं फार मोलाचं. ‘घरात शू केली’ म्हणून परत आलेला कुत्रा आणि ‘मुलाला चावला’ म्हणून परत आलेला कुत्रा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वयाबद्दल सांगतील तो अंदाज असतो. दातांवरून वय काढतात, पण रस्त्यावर हाडं-दगड चावलेल्या कुत्र्याचे दात चार वर्षांतच झिजतात, त्यामुळे तो उगाच म्हातारा ठरतो. डोळ्यात निळसर धुरकट छटा दिसली तर घाबरू नका, सात-आठ वर्षांनंतर ती येतेच आणि तिनं दृष्टी जात नाही. पांढरा, दुधासारखा पडदा म्हणजे मोतीबिंदू.

नेण्याआधीच्या तपासण्या

शेल्टर पूर्ण फाइल देत नसेल तर स्वतःच्या खर्चानं करून घ्या. रक्ताची पूर्ण तपासणी हवीच, त्यात प्लेटलेट्स आधी बघा. कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. दोन लाखांच्या खाली असतील तर गोचीड ताप आहे का ते तपासायचं, एर्लिकिया आणि बबेशिया या गोचिडातून येणाऱ्या दोन्ही जंतूंसाठी. आपल्या हवेत गोचीड बारा महिने असतात आणि हा ताप अंगात महिनोन्‌महिने दबा धरून राहतो. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा सहसा २८ दिवसांचा कोर्स देतात. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळ्या थांबवतात, मग तो ताप उलटतो. कोर्स पुरा करा. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका.

सात वर्षांवरच्या कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंडही तपासा. त्वचेवर केस गेलेले असतील तर खरवडून तपासायला सांगा: खरजेचा एक प्रकार दुसऱ्या कुत्र्यांना आणि माणसांनाही लागतो, दुसरा म्हणजे डेमोडेक्स, तो असा पसरत नाही. दोन्ही बरे होतात. केस गेलेला कुत्रा केवळ दिसण्यामुळे मागे राहतो आणि दोन-तीन महिन्यांत ओळखू येणार नाही इतका बदलतो. जननेंद्रियाच्या गाठीचंही तसंच. कुत्र्या-कुत्र्यांत संसर्गानं पसरणारी ही गाठ दिसायला भयंकर, रक्त ठिबकणारी असते, पण व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शनं दिली की बहुतेकदा पूर्ण जाते. त्यापायी चांगला कुत्रा नाकारू नका.

नसबंदी न झालेली मोठी मादी असेल, विशेषतः ब्रीडरनं वापरून टाकलेली, तर स्तनांतल्या गाठी चाचपून घ्या. ती एकाएकी फार पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, मागून स्राव येऊ लागला तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात थांबायला वेळ नसतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मांजरांमध्ये दोन विषाणूंची तपासणी: एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा) आणि एफईएलव्ही (मांजरांच्या ल्युकेमियाचा). पहिला मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. नसबंदी झालेलं, भांडखोर नसलेलं एफआयव्हीचं मांजर घरात कितीतरी वर्षं मजेत जगतं, आणि हेच सगळ्यांत जास्त नाकारलं जातं. दुसरा लाळेतून, सामाईक भांड्यांतून पसरतो आणि जास्त घातक आहे. असं मांजर एकटंच ठेवावं. सहा महिन्यांखालचं पिल्लू एफआयव्ही पॉझिटिव्ह आलं तर ते आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही असू शकतं, ते सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं.

कागद

चांगलं शेल्टर तुम्हाला उलटे प्रश्न विचारतं, घर बघायला येतं, करारावर सही घेतं: नसबंदी करीन, परस्पर दुसऱ्याला देणार नाही, नाही जमलं तर तुमच्याकडेच परत आणीन. याचा राग मानू नका. उलट जो कसलीच चौकशी न करता जनावर गाडीत बसवून देतो त्याच्यापासून सावध राहा. दत्तकाचं शुल्क नसतं किंवा अगदी नाममात्र असतं. ‘पर्शियन फुकट, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा’ असं ऑनलाइन कुणी म्हणालं तर ती फसवणूक समजा.

लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीचं पत्र, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी हातात घेतल्याशिवाय निघू नका. कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना काढा. भाड्याच्या घरात राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच मालकाची लेखी संमती घाला, तोंडी ‘हो’ पहिल्या तक्रारीला विरून जातं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ती प्रत जवळ ठेवा, पण भांडणानं सुरुवात करू नका. शी उचलायची पिशवी रोज हातात दिसली की निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

गल्लीतलाच कुत्रा घरात घ्यायचा असेल तर लक्षात असू द्या: सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. जनावर टाकून देणं तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११खाली गुन्हाच आहे.

घराची तयारी

आपल्या घरातला मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत फरशी. तीन पायांचा, म्हातारा, आंधळा, कुणीही तिच्यावर घसरतो, आणि एकदा आपटला की त्या खोलीत जायचंच सोडून देतो. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबराच्या चटयांचा सलग रस्ता करा. योगाची जुनी मॅट कापून चालते. सतरंजी नको, ती स्वतःच घसरते.

मांजरासाठी खिडक्या-बाल्कनीला जाळी हवीच. ‘मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर उतरतं’ यावर विसंबून शहरात बरीच मांजरं मरतात, जबडा आणि छाती फुटते. डासांची फायबरची जाळी नखानं फाटते आणि कबुतरांची नायलॉनची ते चावून तोडतं. चौकटीत बसवलेली बारीक स्टीलची जाळी घ्या. मांजर असलेल्या घरात फिनाईलनं लादी पुसू नका, मांजराला ते विष आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या मानेवर टाकायची परमेथ्रिन असलेली गोचिडाची औषधं मांजराला चुकूनही लावू नका.

पहिले दिवस

रेस्क्यू करणारी मंडळी तीन-तीन-तीन असा अंदाज सांगतात: तीन दिवस बावरलेले, तीन आठवडे घर समजून घेण्याचे, तीन महिने आपलं म्हणायला. हे घड्याळ नव्हे, पण पाचव्या दिवशी ‘हा आमच्यात रमत नाही’ म्हणणाऱ्यांना आवरायला उपयोगी पडतं.

आणायचा दिवस शनिवारचा सकाळचा ठेवा. निघण्याआधी चार तास खायला नको, गाडीत उलटी होते. या पहिल्या दोन आठवड्यांत जितके कुत्रे पळतात तितके नंतर कधी पळत नाहीत. कारण साधं आहे: त्याला तुमचं घर माहीत नाही, घाबरला की धावायचं एवढंच माहीत असतं, आणि घाबरलेला कुत्रा मागे सरकत मान आखडतो तेव्हा साधा पट्टा कानांवरून सुटून येतो. म्हणून दोन पट्टे लावा. मानेला ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा, छातीला हार्नेस, दोन्हींना वेगळी लीश म्हणजे हातात धरायची दोरी, आणि दोन्ही लीश एकाच हातात नकोत. मार्टिंगेल चालायला नेतानाच घाला, घरी आल्यावर काढा. पट्टा आणि कातडी यांच्यात दोन बोटं जावीत, जास्त नाही. गाडीचं दार उघडण्याआधी लीश हातात गुंडाळलेली हवी. मानेत फोन नंबरचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून.

घरात शिरल्यावर सगळं घर दाखवत फिरू नका. एक खोली, एक अंथरूण, पाणी. पाहुणे, शेजारची मुलं, फोटो हे सगळं आठवडाभर पुढे ढकला. अंघोळही आठवडाभर नको, ओल्या फडक्यानं पुसा. रात्री अंथरूण तुमच्याच खोलीत घाला.

खाणं शेल्टरमध्ये होतं तेच तीन-चार दिवस. बहुतेक ठिकाणी भात आणि कोंबडीचे पाय-मान शिजवून देतात, ते कसं करतात विचारून घ्या, घरी देताना मात्र हाडं काढून टाका. मग सात दिवसांत हळूहळू बदला: नवं पाव, अर्ध, पाऊण, पूर्ण. पहिले दोन दिवस नेहमीच्या पाऊणपटच द्या. घरचं अन्न कायम द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियमची भर घालावी लागते, भात-चिकनमध्ये ते पुरेसं नसतं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कधीच नाहीत. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जुलाब.

कुत्रा दीड-दोन दिवस जेवला नाही तर घाबरण्यासारखं नाही, पाणी पीत असला म्हणजे झालं. मांजराचं तसं नाही. मांजर २४ तास उपाशी राहिलं तर डॉक्टरांना फोन करा, कारण दोन दिवसांच्या उपासानं, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. उकडलेला मासा कोमट करून नाकासमोर धरला तर बऱ्याचदा खायला सुरुवात करतं.

शी-शूचं शिकवणं मोठ्या कुत्र्याचंही नव्यानं करावं लागतं, कारण त्यानं वर्षानुवर्षं सिमेंटवरच केलेली असते आणि तुमची फरशी त्याला तशीच वाटते. तीन-तीन तासांनी, झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी एकाच जागी न्या. शेल्टरमध्ये त्याच्या शूनं भिजलेला कागद आणून त्या जागी ठेवला तर लवकर समजतं. झाल्या झाल्या तिथंच खाऊ द्या, घरी येऊन नव्हे. घरात केली तर ओरडू नका, नाक तर मुळीच घासू नका. तुमच्यासमोर करायची नाही एवढंच तो शिकतो आणि मग पलंगामागे जातो.

खोटीप्रमाणे रोजचं काम

तीन पायांच्या कुत्र्याला सहसा मदत लागत नाही, लागते ती वजनाला आवर घालणारी शिस्त. कुत्रा आपल्या वजनाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर पेलतो, म्हणून पुढचा पाय गेलेल्याला जास्त जपावं लागतं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी नखं, लांब फेऱ्यांऐवजी पंधरा मिनिटांच्या तीन-चार.

लुळ्या कुत्र्याचं काम सगळ्यांत जास्त, आणि ते शिकता येतं. लघवी काढायची ती अशी: कुत्र्याला आधार देऊन उभं करा किंवा कुशीवर झोपवा, दोन्ही तळहात पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या जरा पुढे ठेवा. आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी बोटांना लागतं, ते मूत्राशय. हळूहळू, न सोडता, शेपटीच्या दिशेनं दाबत जायचं. धार बारीक झाली तरी लगेच हात काढू नका, तळाशी राहिलेली लघवीच संसर्ग करते. हे डॉक्टरांच्या समोर निदान पाच-सहा वेळा करून बघितल्याशिवाय कुत्रा घरी नेऊ नका. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि विचारा. दर सहा-आठ तासांनी हे करायचं. लघवी गढूळ, उग्र वासाची किंवा लालसर झाली तर त्याच दिवशी तपासा. मागचं धड पेलणारा चाकांचा गाडा सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच, आणि एकटं सोडून कधीच नाही, उलटला तर त्याला उठता येत नाही. माकडहाड, मांड्या, घोटे रोज उजेडात तपासा, लालसर गोल डाग ही फोडाची सुरुवात. गादी जाड हवी, दर चार तासांनी कूस बदला.

आंधळ्या कुत्र्याला पंधरा दिवसांत घर पाठ होतं, अट एकच: सोफा हलवायचा नाही, चपला वाटेत टाकायच्या नाहीत. जिन्याच्या तोंडाशी आणि बाल्कनीला आडकाठी लावा. हात लावण्याआधी बोला. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा.

बहिऱ्याला हातवारे शिकवा, तो ऐकणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो कारण सारखा तुमच्याकडेच बघत असतो. झोपेतून उठवताना अंगाला हात नको, नाकासमोर तळहात धरा, वासानं जागा होतो. मोकळा कधीच सोडू नका, हाक ऐकू येत नाही आणि हॉर्नही.

डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचं डोकं किंवा पाय झटके दिल्यासारखा उडत राहतो. नुसती ती उडी असेल तर ती दुखत नाही, बरं होऊन काही महिने झाले असतील तर संसर्गही संपलेला असतो, आणि तेवढ्यावरून लोक पाठ फिरवतात. फिट्स येतात का तेवढं मात्र विचारा, त्याला रोजची औषधं लागतात.

म्हाताऱ्या कुत्र्याची तपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी. खाणं मंदावलं तर आधी दात बघा. सकाळी उठायला वेळ लागत असेल तर वेदनाशामक डॉक्टरांकडूनच घ्या, माणसांची आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक देऊ नका, जठर आणि मूत्रपिंड दोन्ही जातात.

कुठं बिघडतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर गप्प असलेला कुत्रा आता घर आपलं मानायला लागतो आणि त्याचा खरा स्वभाव वर येतो: भांड्यापाशी गुरगुरणं, दारावरच्या बेलला भुंकणं, तुम्ही निघालात की रडणं. गुरगुरण्याला शिक्षा करू नका, तो इशारा आहे. इशारा बंद पाडला तर पुढच्या वेळी थेट दात येतात. भांड्याजवळून जाताना लांबूनच चिकनचा तुकडा टाका, रोज एक पाऊल जवळ. सहा वर्षांखालची मुलं कुत्र्याबरोबर एकटी नकोत, कितीही गरीब असला तरी. चावलाच, तर लस झालेला असला तरी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून डॉक्टरांकडे जा.

एकटं राहण्याची सवय मिनिटांनी वाढवा: दोन, पाच, दहा, वीस. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवला की तो कितव्या मिनिटाला कासावीस होतो ते कळतं. त्याच्या आत परत या.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्याशी पहिली भेट रस्त्यावर, समांतर चालत, मधे दहा-बारा फुटांचं अंतर ठेवून. मांजरांना आठवडाभर वेगळ्या खोल्यांत ठेवा, आधी अंथरुणांची अदलाबदल, मग दाराची फट.

दिवाळीच्या किंवा गणपतीच्या आधी पंधरा दिवसांत नवं जनावर आणू नका. फटाके आणि ढोल पहिल्याच पंधरवड्यात आले की केलेली सगळी मेहनत पुसली जाते. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर बोटांमधली जागा कोरडी करा आणि गोचीड शोधा: कानाच्या आत, बोटांमध्ये, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायचा, बोटांत चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. कुत्र्याला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) त्यातूनही येतो.

परदेशात राहणाऱ्या काहींना इथलाच कुत्रा न्यायचा असतो. त्यात क्रम चुकला की महिने वाया जातात: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. ब्रिटनसाठी लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४पासून नियम कडक केलेत, रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत येतो आणि सहा महिन्यांखालचा कुत्रा तिथं नेताच येत नाही. तयारीला आठ-नऊ महिने धरा.

शेवटचे महिने

म्हातारं किंवा आजारी जनावर आणताना याचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: आज तो आपणहून जेवला का, शेपूट हलली का, वेदनेशिवाय झोपला का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त झाले की डॉक्टरांशी बोला आणि वेदनेतून सोडवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनसाठी त्यांना घरीच बोलवा, त्याच्या अंथरुणावर. दहनाची सोय आधी विचारून ठेवा, मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दाहिनी आहे. नंतर उरलेली औषधं, डायपर, गाडा, रबराच्या चटया घरात ठेवू नका. पुसून, मापाची चिठ्ठी लावून शेल्टरला नेऊन द्या, मागच्या रांगेत त्या मापाचं कुणीतरी असतं.